दीड मीटर वायरीचा अर्ज

कोणत्याही घराची संस्कृती त्या घराच्या भिंतींत काय पुरलेलं आहे यावरून ठरते. पूर्वीचे लोक भिंतीत मोहरा पुरत. त्यानंतरच्या पिढीने पाण्याचे पाइप पुरले आणि त्यांतून कधीतरी पाणी येईल अशी श्रद्धा बाळगली. आजचा सुसंस्कृत माणूस भिंतीत वायरी पुरतो. या कसोटीवर पाहिलं तर धायरीतल्या आमच्या 'निर्मळ गंगोत्री' सोसायटीतला चारशे दोन नंबरचा फ्लॅट, म्हणजे श्री. दिगंबर खळदकर यांचं राहतं घर, हे अख्ख्या सिंहगड रस्त्यावरचं सर्वांत सुसंस्कृत घर मानावं लागेल. आठशे चाळीस चौरस फुटांत त्यांनी एकशे ब्याऐंशी मीटर वायर पुरली आहे. (घरात माणसं चार. म्हणजे माणशी साडेपंचेचाळीस मीटर.)

मी समोरच्या चारशे एकमध्ये राहतो. त्यांच्या आणि माझ्या दारात अकरा पावलांचं अंतर आहे. या प्रकल्पाच्या समितीवर मला 'त्रयस्थ सदस्य' म्हणून नेमलं होतं, तेव्हा पुढे जे सांगतो ते कागदपत्रांच्या आधारे सांगतो. ऐकीव काही नाही. जे ऐकीव आहे ते मी माझ्या कानांनी दाराआडून ऐकलेलं आहे.

दिगंबरराव एका सरकारी कार्यालयातून आवक-जावक विभागाचे अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद नोंद झाल्याशिवाय पुढे गेला नाही. नोंद झालेले बरेचसे कागदही गेले नाहीत, पण तो दोष नोंदीचा नव्हे. निवृत्तीनंतर माणसाचं टेबल जातं, हात तेवढा राहतो. दूधवाल्याने 'उद्या येणार नाही' अशी चिठ्ठी लावली तर दिगंबरराव आधी तिच्यावर तारीख घालतात आणि मग दुसरीकडून दूध आणायला निघतात.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवत होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी मोडी लिपीचा वर्ग सुरू केला, ऑनलाइन, दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी चार वाजता. आपल्या पणज्याने काय लिहून ठेवलंय ते ज्यांना वाचता येत नाही, असे लोक पुण्यात भरपूर आहेत. त्यांतले अकरा त्यांच्या वर्गाला आले. विश्रांतवाडीची वल्लरी नावाची एक हुशार मुलगी होती, दोन निवृत्त डॉक्टर होते (त्यांना मोडी सोपी गेली), आणि अकरावा मी. अकरा पावलांवर राहून मी वर्गाला ऑनलाइनच बसत असे, कारण वर्ग ऑनलाइन होता. नियम तो नियम.

बाईंनी परीक्षा मंडळाकडे दोन वर्षं पत्रव्यवहार करून स्वतःच्या नावावर केंद्राची मान्यता मिळवली होती. नोव्हेंबरमध्ये पहिली परीक्षा होणार होती. मंडळाची अट एवढीच की किमान सहा विद्यार्थी परीक्षेला बसले पाहिजेत आणि परीक्षा चालू असताना शिक्षिका पूर्ण वेळ पडद्यावर दिसली पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी केंद्र रद्द. निवृत्तीनंतर त्यांना मिळालेली, त्यांची स्वतःची अशी ही एकच गोष्ट होती. ते मान्यतेचं पत्र त्यांनी फ्रिजच्या दारावर लावलं होतं आणि त्याच्याकडे बघून त्या कणीक मळत.

फ्रिजच्या दारावर, कारण वर्ग स्वयंपाकघरात भरे. हॉल चार वाजता दिगंबररावांचा असतो. त्या वेळी ते बातम्या पाहतात आणि त्या चुकीच्या आहेत असं सांगतात. मोठी बेडरूम चिरंजीव केयूर यांची. ते माहिती तंत्रज्ञानात आहेत आणि दिवसभर दार लावून कोणाशीतरी सहमत होत असतात. दुसऱ्या खोलीत दिगंबररावांचं दप्तर आहे. राहिलं स्वयंपाकघर. तिथे ओट्याच्या कडेला केयूरचा जुना लॅपटॉप ठेवून बाई शिकवत, आणि मागे कुकर होत असे. तिसऱ्या शिट्टीच्या आत 'ज' जमला पाहिजे, असा आमच्या वर्गाचा दंडक होता.

अडचण एकच होती. इंटरनेटच्या लहरी सोडणारी पांढरी पेटी हॉलमध्ये, आणि ती आणि ओटा यांच्यामध्ये एक भिंत, फ्रिज आणि लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांची भरगच्च मांडणी. लहरींना डाळीच्या डब्यांतून वाट काढणं जमत नाही. त्यामुळे बाई मधूनच पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजत. मला त्याचा त्रास नव्हता, कारण राहिलेलं वाक्य पॅसेजमधून थेट ऐकू येई. वल्लरीची सोय अशी नव्हती.

यात गंमत अशी की इंटरनेटची मूळ तार त्या घरात शिरते तीच मुळी स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीतून. कंपनीने बसवलेली छोटी काळी पेटी तिथे वॉशिंग मशीनच्या वर, ओट्यापासून हाताच्या अंतरावर आहे. धायरीकरांना यात काही विशेष वाटणार नाही. खडकवासल्याचं धरण आमच्या उशाशी आहे आणि आम्ही टँकरची वाट बघतो.

जूनमधल्या एका गुरुवारी बाईंनी वर्ग संपल्यावर हॉलमध्ये येऊन सांगितलं, "अहो, त्या काळ्या पेटीपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत एक वायर घालून द्या ना. दीड मीटर पुरेल. मी मोजलंय."

"तोंडी सांगू नकोस," दिगंबरराव म्हणाले. "लेखी दे."

बाईंनी डावीकडे समास सोडून अर्ज लिहिला. 'विषय: ओट्याशेजारी दीड मीटर वायर मिळणेबाबत.' दिगंबररावांनी त्यासाठी नवी नोंदवही आणली, पहिल्या पानावर स्वस्तिक काढलं आणि अर्जावर आवक क्रमांक एक घातला. त्या दिवशी मी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पाहिलं ते त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता कोणी उथळ माणूस असता तर त्याने दीड मीटर वायर आणून घातली असती आणि विषय तिथेच संपला असता. अशाच वृत्तीमुळे आपला देश मागे राहिला. दिगंबररावांनी प्रश्नाच्या मुळाशी जायचं ठरवलं. एका खोलीला वायर दिली तर बाकीच्या खोल्यांनी काय घोडं मारलं होतं?

केयूर म्हणाला, "बाबा, करायचंच आहे तर फ्युचर-प्रूफ करू. टेन गिग. आईच्या वायरसाठी ड्रिल लागणारच आहे ना, मग एकदाच काय ते." (आईच्या वायरीसाठी ड्रिल लागणार नव्हतं. ही बाब कोणाच्या निदर्शनास आली नाही.)

टेन गिग म्हणजे काय ते केयूरने मला समजावून सांगितलं. बाहेरून घरात येणारा वेग होता शंभर. तो शंभरच राहणार. घरातल्या घरात, म्हणजे बेडरूमपासून हॉलपर्यंत, वेग होणार दहा हजार. मी विचारलं, बाहेरून शंभर येतंय तर आत दहा हजार कशाला? तो म्हणाला, "काका, ते इंटर्नल आहे." मग माझ्या लक्षात आलं. गेटातून दिवसाला एक स्कूटर येणार असली तरी सोसायटीच्या आत आठपदरी रस्ता असावा, असा तो विचार आहे.

समिती स्थापन झाली. अध्यक्ष दिगंबरराव. तांत्रिक सदस्य केयूर. त्रयस्थ सदस्य मी. सूनबाई अपूर्वा या कायम निमंत्रित. त्या हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत बैठक संपलेली असे, तेव्हा त्यांना इतिवृत्त पाठवलं जाई. मंदाकिनीबाईंना सदस्य करता आलं नाही. अर्जदाराने स्वतःच्याच अर्जाचा निर्णय घेणं हे नैसर्गिक न्यायाला धरून नसतं. समितीच्या एकूण सात बैठका झाल्या आणि सातही बैठकांच्या चहापानाची जबाबदारी मात्र बाईंकडे एकमताने देण्यात आली.

सातव्या बैठकीत अहवाल मंजूर झाला. घरातल्या प्रत्येक जागेची कामाच्या स्वरूपानुसार छाननी करून कुठे किती वायरी न्यायच्या ते ठरलं होतं. मूळ तक्ता माझ्याकडे आहे, तो जसाच्या तसा देतो.

हॉल: चार. (टीव्ही, अध्यक्षांची खुर्ची, पाहुणे, राखीव.)
केयूरची खोली: चार.
दप्तर: दोन.
गॅलरी: एक. (पुढेमागे तुळशीवर कॅमेरा बसवायचा झाल्यास.)
बाथरूम: एक. (गीझरला पुढेमागे अक्कल आल्यास.)
स्वयंपाकघर: निरंक. शेरा: वाफ, तेलकटपणा व फोडणी पाहता तांत्रिकदृष्ट्या प्रतिकूल. टप्पा तीनमध्ये विचार व्हावा.

अहवालात टप्पा एक आणि टप्पा दोन यांची सविस्तर पानं आहेत. टप्पा तीनचं पान मला सापडलं नाही. अहवालाखाली सही माझीही आहे. चहा उत्तम झाला होता.

वायरिंगचं काम बद्रीनाथ वानखडे यांना मिळालं. हे मूळचे वाशीमकडचे, गेली बारा वर्षं धायरीत आहेत आणि आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत बटण कुठलं आणि दिवा कुठला पेटतो हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "काकू, न्हाणीले पॉइंट हाये, तुळशीले हाये, मंग तुमच्या ओट्यालेच काहून नाही जी?"

"नकाशाबाहेरचं बोलू नका," दिगंबरराव म्हणाले.

"माझा टप्पा तीन आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गॅसवरचं दूध उतरवलं.

काम अकरा दिवस चाललं. घरातल्या सगळ्या वस्तूंवर सिमेंटचा सारखा थर बसला, कोणावर अन्याय झाला नाही. ड्रिलिंगला दुपारी चारची वेळ ठरली होती, कारण तेव्हा सोसायटीतल्या लोकांची झोप झालेली असते. त्या अकरा दिवसांत मोडीच्या वर्गातून तिघं गेले. उरले आठ. नंतर हॉलमधली पांढरी पेटी शोभत नाही म्हणून ती माळ्यावरच्या लोखंडी कपाटात हलवण्यात आली. पूर्वी लहरींना डाळीचे डबे आडवे येत, आता त्याआधी कपाट येऊ लागलं. दोन डॉक्टरांपैकी एक त्यात गेले. (वर्गातून. प्रकृती उत्तम आहे.) उरले सात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. केयूर-अपूर्वाच्या लग्नाची पाच तासांची फिल्म केयूरच्या खोलीतून हॉलमधल्या साठवणीच्या पेटीत पाठवण्यात आली. जुन्या वायरीवरून या प्रवासाला एक तास लागत असे, आता चाळीस सेकंद लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ही फिल्म गेल्या चार वर्षांत कोणी पाहिलेली नाही. परंतु आता ती न पाहण्यासाठी तासभर थांबावं लागत नाही, हे काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो स्विच, म्हणजे सोळा तोंडांची एक चपटी पेटी, पाटावर ठेवण्यात आली. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो, गाडी पुजतो, मग हिनेच काय पाप केलंय? मात्र समोरच्या पत्र्यावर बोटभर कुंकू लावून पूजा आटोपणाऱ्यांतले दिगंबरराव नव्हेत. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. सोळा तोंडं म्हणजे सोळा स्वतंत्र टेबलं. एकाला कुंकू लावून पंधरांना डावललं तर उद्या तक्रार होणार. त्यांनी सोळाही तोंडांना क्रमाने ओली हळद, ओलं कुंकू आणि अक्षता वाहिल्या. पहिल्या तोंडात बाहेरून येणारी मुख्य वायर बसायची होती. ते सेवाज्येष्ठ. त्याला कुंकू दोनदा.

"अहो, आत तांदूळ गेले," बाई म्हणाल्या.

"जाऊ देत. शुभ असतं."

मग केयूरने एकेक वायर जागेवर बसवली. जरा जोर लावावा लागला. "नवीन आहे, टाइट असणारच," तो म्हणाला. पेटीवर तेरा हिरवे दिवे लागले. आम्ही आपट्याची पानं वाटली.

दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी त्रयस्थ सदस्य या नात्याने मी वेगाची पाहणी केली. चारांपैकी तिघांनी, म्हणजे पंचाहत्तर टक्के लोकांनी, वेग प्रचंड वाढल्याचं सांगितलं. केयूरचा अभिप्राय: "एकदम स्नॅपी, काका." दिगंबररावांना बातम्या आधी कळू लागल्या होत्या, आणि त्या चुकीच्या आहेत हेसुद्धा. अपूर्वा म्हणाली, "बाबा म्हणताहेत तर वाढला असेल." मलाही माझ्या घरी फरक जाणवला. (माझ्याकडे त्यांची जोडणी नाही.) चौथ्या व्यक्तीचं मत घेतलं नाही, कारण ती अर्जदार होती.

वर्गात आणखी एक कमी झाला होता. उरले सहा. परीक्षेला तीन आठवडे होते.

त्या गुरुवारी बाई 'ळ' शिकवत होत्या. मोडी ही हात न उचलता लिहायची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगत जायचं. बाईंची रेघ ओढून झाली, हात खाली आला आणि पडदा थिजला. पुन्हा जोडणी, पुन्हा रेघ, पुन्हा थिजणं. चौथ्या वेळी वल्लरी म्हणाली, "मॅम, सॉरी, बट मला वाटतं मी ड्रॉप करते. नेक्स्ट इयर देईन. तुमचा आवाजच येत नाहीये, मॅम."

तिचं हे वाक्य स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतरचं बाईंचं पडद्यावर आलं नाही, ते मला पॅसेजमधून ऐकू आलं. "वल्लरी? ऐकू येतंय का? मुलांनो, ऐकू येतंय का?" असं त्यांनी पाच वेळा विचारलं. एकतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेल्या बाईंना ओट्याशी उभं राहून हे विचारावं लागत होतं. मला फार वाईट वाटलं. त्रयस्थ सदस्याला वाईट वाटल्यास त्याची नोंद कुठे करावी, याची मात्र नोंदवहीत तरतूद नव्हती.

पुढचा सोमवार उजाडला. नोव्हेंबर असल्यामुळे दिगंबरराव सकाळीच हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना साधारण अडीच तास लागतात. केयूर दाराआड सहमत होत होता. बद्रीनाथ राहिलेली शिडी न्यायला आले होते. बाईंनी त्यांना त्याच शिडीवर चढवून माळ्यावरून जुन्या वायरींचं भेंडोळं काढायला लावलं. त्यावर दिगंबररावांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी होती: 'निर्लेखित. उपयोग नाही.'

त्यातली एक वायर बाईंनी सोडवून घेतली. ड्राय बाल्कनीत जाऊन वॉशिंग मशीनवरची काळी पेटी पुसली. पेटीला चार तोंडं होती. एकातली वायर माळ्याकडे गेली होती आणि बाकीची तीन पहिल्या दिवसापासून रिकामी होती. बाईंनी एकात वायर बसवली. खट्ट आवाज झाला. मग टाइल्सच्या कडेकडेने, डाळीच्या डब्यांच्या मागून, वायर सरळ ओढून घेतली, मोडीत आधी रेघ ओढतात तशी. दुसरं टोक लॅपटॉपला लावलं. कपडे वाळत घालायचे चार चिमटे लागले. ड्रिल लागलं नाही.

"झालं, काकू? एवढंच होतं?" बद्रीनाथांनी विचारलं.

"एवढंच होतं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी वल्लरीला स्वतः फोन केला. "आजच्या दिवस ये. नाही ऐकू आलं तर मी अडवणार नाही."

त्या दुपारी चार वाजता एक नवल घडलं. बाईंचा आवाज मला आधी लॅपटॉपमधून ऐकू आला आणि मग दारातून. पाच महिन्यांत लॅपटॉपने दाराला पहिल्यांदाच हरवलं. 'ळ' पूर्ण झाला. कुकरच्या दोन शिट्ट्या शिल्लक होत्या.

परीक्षेला आम्ही सहाच्या सहा बसलो. तीन तास बाई पडद्यावर होत्या आणि एकदाही थिजल्या नाहीत. वल्लरी मंडळात दुसरी आली. मला एकसष्ट गुण मिळाले. मंडळाने केंद्र कायम केलंच, वर पुढच्या वर्गासाठी वीस जणांची परवानगी दिली. वर्ग दुसऱ्याच सोमवारी सुरू व्हायचा होता. फ्रिजवर नवं पत्र लागलं.

इथे कथा संपली असती, पण प्रकल्पाला अजून पूर्णत्वाचा दाखला मिळाला नव्हता. त्यासाठी फेरचाचणी आवश्यक होती. लग्नाची फिल्म पुन्हा पाठवण्यात आली. चाळीस सेकंद झाले, दहा मिनिटं झाली, अध्यक्षांचा डोळा लागला. फिल्म पोचली तेव्हा बरोबर एक तास झाला होता. केयूरने घाईघाईने बाहेरून येणारा वेग मोजला. पूर्वी शंभर असायचा, तो नऊ भरला. पेटी भिंतीवरून उतरवून उलटी करून झटकण्यात आली. तिच्यातून त्र्याहत्तर अक्षता आणि झेंडूची एक पाकळी निघाली. सेवाज्येष्ठ तोंडात कुंकवाचा घट्ट लगदा झाला होता.

केयूरने कारण सांगितलं. एका वायरीत आठ तारा असतात. त्यांतल्या चार अडल्या तर ही पेटी बंद पडत नाही की तक्रार करत नाही. उरलेल्या चारांवर हळूहळू काम रेटते आणि हिरवा दिवा मात्र चालू ठेवते. हे ऐकताना दिगंबरराव हळवे झाले. अशी माणसं आता खात्यात उरली नाहीत, असं ते म्हणाले.

थोडक्यात, दसऱ्यापासून सगळं घर पूर्वीच्या एक दशांश वेगाने चाललं होतं आणि पंचाहत्तर टक्के लोकांना ते प्रचंड वेगवान वाटत होतं. केयूर लॅपटॉप घेऊन खोलीखोलीतून वेग मोजत हिंडला. हॉल नऊ, दप्तर नऊ, बाथरूम नऊ. स्वयंपाकघरात आईच्या लॅपटॉपवर शहाण्णव. तेव्हा डाळीच्या डब्यांमागे त्याला चार चिमटे दिसले.

समितीची तातडीची बैठक भरली. निष्कर्ष एकमताने निघाला तो असा: 'स्वयंपाकघरातील अनधिकृत जोडणीमुळे घराचा वेग तिकडे ओढला जात असल्याचे दिसून येते. अक्षता शुभ असल्याने त्यांच्यावर ठपका ठेवता येत नाही. सबब सदर वायर सात दिवसांत काढून टाकावी व खुलासा सादर करावा.' सात दिवस म्हणजे नव्या वर्गाच्या आदल्या दिवसापर्यंत. सही माझीही आहे. या वेळी चहा नव्हता, तरीही केली.

नोटीस ओट्यावर ठेवण्यात आली. बाईंनी हात पुसले, ती वाचली आणि तासाभरात लेखी खुलासा आणून दिला. दिगंबररावांनी त्यावर आवक क्रमांक दोन घातला आणि विषयाच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. अख्खा कागद मोडीत होता. चौतीस वर्षं आणि वरचे पाच महिने, एवढ्या कारकिर्दीत विषय न कळलेला कागद त्यांच्या हातात प्रथमच आला होता. त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण मजल्यावर मोडीचा प्रमाणित वाचक मी एकटाच.

मी उभा राहून मोठ्याने वाचलं. "माझा अर्ज क्रमांक एक मी मागे घेत आहे. वायर माझी मी घातली आहे व ती राहील. काढायची असल्यास आधी ओटा ताब्यात घ्यावा व त्यासोबतचे काम सकाळी सहापासून सुरू करावे. नवा वर्ग सोमवारी व गुरुवारी चार ते सहा. त्या वेळेत चहा होणार नाही. ज्यांना हवा असेल त्यांचा विचार टप्पा तीनमध्ये होईल."

दिगंबररावांनी कागद माझ्या हातातून घेऊन उजेडाकडे धरला. "बरोबर वाचलंत ना?"

"एकसष्ट गुण आहेत," मी म्हणालो.

त्यांनी कागदावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला. वायर आहे तिथेच आहे. सोमवारी चार वाजता ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, आत पडद्यावर वीस जण 'अ' गिरवत होते, ते परत आले आणि टीव्हीचा आवाज आपणहून कमी करून बसले.

मीही अकरा पावलं चालून घरी आलो. आमच्या घरी ओट्यावरचा दिवा पाठीमागून येतो, त्यामुळे चिरताना स्वतःचीच सावली हातावर पडते, तो पुढे घेऊन द्या, असं माझ्या पत्नीने, दुर्गाने, मला अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. सगळी कपाटं शोधली. तोंडी सांगितलेलं असल्यामुळे नोंद सापडत नाही.

आपण हे सगळं इथवर निवांत बसून वाचलंत. याचा अर्थ आपल्या घरी आत्ता ओट्याशी दुसरं कोणीतरी उभं आहे. त्यांचा आवक क्रमांक किती, ते उठून एकदा विचारून या. आणि ओट्याशी उभ्या राहून फोनवर वाचणाऱ्या आपणच असाल, तर पान एव्हाना मध्येच अडकलं असेल. शेवट टप्पा तीनमध्ये दिसेल.